मे आणि सप्टेंबरचे फोटो शेजारी ठेवून जंगल मोजता येत नाही

पावसाळा सरला की वेताळ टेकडीचे नाहीतर सिंहगडाच्या बाजूचे दोन सॅटेलाइट फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागतात, एक मे महिन्यातला भुरका, एक सप्टेंबरमधला हिरवागार, आणि खाली लिहिलेलं असतं की बघा पुण्याची वनराई कशी वाढली. तेच फोटो उलटे लावून जंगल संपलं म्हणूनही येतात. दोन्ही चूक आहे. त्यात दिसतंय ते मुख्यतः गवत, जूनमध्ये उगवलेलं आणि दिवाळीनंतर वाळून जाणारं. झाडांचं काय चाललंय हे कळायला अख्ख्या वर्षाचा आलेख लागतो आणि तो काढायची युक्ती मला फार म्हणजे फार आवडते.

हरितद्रव्य निळा आणि लाल प्रकाश शोषतं, हिरवा थोडा परत पाठवतं, एवढं शाळेत झालंय. पण उन्हात निअर इन्फ्रारेड पण असतो, लालच्या पलीकडचा, साधारण 700 नॅनोमीटरच्या पुढचा, आपल्याला न दिसणारा. त्याच्यात प्रकाशसंश्लेषणाला पुरेल एवढी ऊर्जा नसते, पानानं तो शोषला तर पान नुसतं तापेल. पानाच्या आत सैल पेशींचा एक थर असतो, मधे मधे हवेच्या पोकळ्या. प्रकाश ओल्या पेशीतून हवेत, हवेतून परत पेशीत असा जातो आणि दर वेळी वाकतो, थोडा मागे फिरतो. काच पारदर्शक, पण चुरा केला की पांढरी दिसते, तसंच हे. त्यामुळे निरोगी पान जवळजवळ निम्मा इन्फ्रारेड परत फेकतं आणि लाल मात्र बहुतेक सगळा गिळतं. आपले डोळे इन्फ्रारेड बघू शकले असते तर पळसाचं पान हिरवं वाटलंच नसतं.

आता गणित. परत आलेल्या इन्फ्रारेडमधून परत आलेला लाल वजा करायचा आणि दोघांच्या बेरजेनं भागायचं, हा हिरवाईचा आकडा, याला एनडीव्हीआय म्हणतात. ताज्या पानाला इन्फ्रारेड 0.45, लाल 0.05 धरा, उत्तर 0.8. वाळलेल्या गवताला 0.30 आणि 0.20 धरा, उत्तर 0.2. भागायचं कशाला? समजा डोंगराची सावली पडली आणि दोन्ही आकडे निम्मे झाले, 0.225 आणि 0.025, तरी उत्तर 0.8 च येतं! उजेड कमीजास्त झाला तरी पानाची खूण बऱ्यापैकी टिकते, सगळी करामत त्या भागाकारात आहे.

1972 च्या पहिल्या लँडसॅट उपग्रहापासून हे आकाशातून मोजता येतंय. नासाच्या टेरा उपग्रहावरचा मोडिस नावाचा कॅमेरा एक-दोन दिवसांत एकदा फोटो घेतो पण त्याचा एक पिक्सेल 250 मीटरचा, म्हणजे सोसायटी, रस्ता, टेकडीचा उतार सगळं एकाच आकड्यात. युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहांचा पिक्सेल 10 मीटरचा आणि जोडीतले दोन उपग्रह मिळून पाच दिवसांनी परत येतात. अडचण ढगांची. ढग लाल आणि इन्फ्रारेड दोन्ही सारखेच परत पाठवतो, आकडा शून्याजवळ घसरतो, म्हणून 16 दिवसांतला चांगल्यात चांगला, शक्यतो मोठा आकडा धरायची पद्धत आहे. पण आपल्याकडे जुलैत 16 दिवसांत एकदाही आभाळ उघडत नाही असं होतं, आणि नेमकी तेव्हाच सगळी उलथापालथ चाललेली असते.

तिथं जमिनीवरचा कॅमेरा कामाला येतो. अमेरिकेत 2008 पासून फिनोकॅम नावाचं जाळं आहे, खांबावरचे कॅमेरे दर अर्ध्या तासाला झाडांचा फोटो काढतात आणि लाल, हिरवा, निळा यांच्या बेरजेत हिरव्याचा वाटा किती ते बघतात. आपल्या झाडांना मात्र हे सरळ लावता येत नाही कारण कुसुमाची नवी पालवी लालभडक, पिंपळाची तांबूस, पानं आलेली असतात आणि हिरव्याचा आकडा म्हणतो अजून काही नाही. लालचा आलेख वेगळा काढावा लागतो.

आलेख नीट मिळाला की गवत आणि झाड वेगळं पडतं. नुसतं गवत असलेल्या टेकडीचा आकडा जूनमध्ये झपकन वर जातो आणि नोव्हेंबरात पडतो. झाडं असली तर थंडीतही आकडा रेंगाळतो, आणि पुष्कळदा पहिल्या पावसाआधीच, चैत्रपालवीच्या वेळी, थोडा उचलतो.

यावरून आठवलं, बहावा फुलला की 45 दिवसांत पाऊस, असा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर दर एप्रिलला येतोच. पुण्यात मान्सून बहुतेक जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पोचतो, एप्रिलअखेर जे जे फुलेल ते सगळं त्याच्या दीड महिना आधीच असणार. झाडाला समुद्रावरचे वारे कळत नाहीत.

करून बघायचं असेल तर कोपर्निकस ब्राउझर ही सेंटिनेलचे फोटो दाखवणारी वेबसाइट फुकट आहे, आपली टेकडी निवडा आणि वर्षभराचा एनडीव्हीआय काढा. किंवा खिडकीतून एकच झाड, रोज दुपारी, त्याच चौकटीत, आणि फोनचा ऑटो व्हाइट बॅलन्स बंद, कारण तो चालू असला की फोन स्वतःच रंग बदलतो आणि सगळा आलेख वाया जातो.