स्वसंरक्षणासाठी हँडगनची निवड

खांद्याचा आधार न घेता, नुसती हातात धरून झाडता येणारी बंदूक म्हणजे हँडगन. रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल हे तिचे दोन मुख्य प्रकार. अंगावर बाळगण्यासाठी किंवा घराच्या रक्षणासाठी यांतली कोणती, केवढी आणि कोणत्या काडतुसाची घ्यावी, हा प्रश्न मुख्यत्वे अमेरिकेतला आहे. तिथे सामान्य नागरिकाला हँडगन विकत घेता येते, आणि निम्म्याहून अधिक राज्यांत ती कपड्यांखाली लपवून बाळगायला आता परवानाही लागत नाही. घरात स्वसंरक्षणासाठी हँडगन ठेवणे हा नागरिकाचा घटनादत्त हक्क आहे, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ‘हेलर’ खटल्यात ठरवले. २०२२ च्या ‘ब्रुएन’ निकालाने तो हक्क घराबाहेरही लागू केला.

या निवडीतले त्रांगडे असे, की जी बंदूक बाळगायला सोपी ती झाडायला अवघड, आणि जी झाडायला सोपी ती दिवसभर कमरेला वागवणे नकोसे होते. एकच काडतूस हलक्या बंदुकीतून सुटले की हाताला धक्का जास्त बसतो. छोट्या पिस्तुलाची मूठ आखूड, त्यामुळे करंगळीला पकडायला काही उरत नाही. नळीही आखूड, म्हणजे पुढची माशी आणि मागची खाच जवळजवळ येतात आणि नेम धरताना झालेली केसभर चूक लक्ष्यावर वीतभर होते. नवखा माणूस दुकानात सर्वांत छोटे पिस्तूल हातात घेतो, ‘हे बरे, खिशात मावेल’ म्हणतो आणि घेऊन जातो. खरे तर छोटे पिस्तूल हे सरावलेल्या हाताचे हत्यार आहे.

आकार लहान कसा झाला

बाळगण्याजोग्या पिस्तुलांचा आजचा आकार बराचसा कायद्याने घडवलेला आहे. १९८७ मध्ये फ्लोरिडाने कायदा केला, की ठरलेल्या अटी पुऱ्या करणाऱ्याला बाळगण्याचा परवाना द्यावाच लागेल. अधिकाऱ्याच्या मर्जीचा प्रश्न उरला नाही. पुढच्या काही वर्षांत अनेक राज्यांनी तोच कित्ता गिरवला आणि ग्राहकांचा एक नवा वर्ग तयार झाला. त्यातच १९९४ च्या संघीय कायद्याने नागरिकांसाठीच्या नव्या मॅगझिनवर, म्हणजे पिस्तुलाच्या मुठीत घालायच्या गोळ्यांच्या पेटीवर, १० गोळ्यांची मर्यादा घातली. तोवर कारखानदारांची चढाओढ गोळ्यांच्या संख्येवर चालली होती. दहाच गोळ्या मिळणार असतील तर मोठे धूड कशाला वागवायचे, असा हिशेब ग्राहकाने केला. आखूड मुठीचे, १० गोळ्यांचे ग्लॉक २६ त्याच सुमारास बाजारात आले. कायदा २००४ मध्ये संपला. छोट्या पिस्तुलाची गोडी मात्र राहिली.

पुढचा टप्पा २०१८ चा. झिग झाउअरच्या पी३६५ या पिस्तुलात वर निमुळते होत जाणारे, गोळ्या नागमोडी रचलेले मॅगझिन होते. त्यामुळे अर्धा किलो वजनात आणि जेमतेम अडीच सेंटिमीटर जाडीत ९ मिमीच्या १० गोळ्या बसल्या. त्याआधी एवढ्या आकाराच्या पिस्तुलात सहा-सात गोळ्यांवर समाधान मानावे लागे. २०१५ च्या ग्लॉक ४३ मध्ये मॅगझिन ६ गोळ्यांचे आहे. इतर कारखान्यांनीही मग तोच मार्ग धरला.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल

सॅम्युएल कोल्टने फिरत्या चक्राच्या बंदुकीचे अमेरिकन पेटंट १८३६ मध्ये घेतले. अंगावर बाळगायच्या रिव्हॉल्व्हरचा नमुना मात्र १९५० चा आहे : स्मिथ अँड वेसनचे ‘चीफ्स स्पेशल’, पाच गोळ्यांचे, .३८ स्पेशल काडतुसाचे, सुमारे पाच सेंटिमीटर नळीचे. त्याच्या चौकटीवर आधारलेली रिव्हॉल्व्हरे आजही बनतात.

अशा रिव्हॉल्व्हरची ख्याती साधेपणाची. चाप अडवून धरणारे सुरक्षेचे खटके नाहीत, मॅगझिन नाही. एखादे काडतूस फुसके निघाले तर पुन्हा चाप ओढायचा, चक्र पुढच्या गोळीवर येते. काडतुसावर आपटणारा घोडा आत झाकलेला असेल तर कोटाच्या खिशातूनही झाडता येते, कारण पिस्तुलासारखी मागेपुढे होऊन कापडात अडकणारी स्लाइड, म्हणजे नळीवरचा सरकता भाग, तिथे नसते. म्हणूनच ‘बायकांसाठी’ किंवा ‘पहिल्यांदाच घेणाऱ्यासाठी’ म्हणून हेच पुढे केले जाते. हा सल्ला वाईट आहे. या रिव्हॉल्व्हरचा चाप घोडा मागे नेऊन सोडण्यापर्यंत ओढायचा तर पाच किलोंच्या आसपास जोर लागतो, आणि बंदूक स्वतः भरते सुमारे अर्धा किलो. वजनाच्या दसपट जोर एका बोटाने लावताना नळीचे तोंड जागेवर ठेवणे हे कसब आहे, आणि ते अंगवळणी पडायला पुष्कळ काडतुसे खर्ची पडतात. हलक्या मिश्रधातूच्या चौकटीची रिव्हॉल्व्हरे सव्वाचारशे ग्रॅमच्याही खाली येतात. ती बाळगताना जाणवत नाहीत, पण दोन चक्रे झाडल्यावर तळहात झोंबू लागतो आणि सराव तिथेच थांबतो.

पिस्तुलात गोळी सुटल्याच्या धक्क्याने स्लाइड मागे जाते, काडतुसाचे रिकामे टोपण (धातूचे कवच) बाहेर फेकते आणि पुढे येताना मॅगझिनमधली नवी गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या कप्प्यात, लोटते. मनगट ढिले सोडले तर सगळे पिस्तूलच स्लाइडबरोबर मागे जाते, स्लाइडचा फेरा अपुरा राहतो आणि टोपण दारात अडकते. अशा वेळी दोष पिस्तुलाला दिला जातो. दुसरी अडचण स्लाइड मागे ओढण्याची. पिस्तूल जेवढे लहान तेवढी त्याची स्लाइड हलकी, आणि तिला आवरायला स्प्रिंग तेवढी ताठ; त्यामुळे सर्वांत छोटे पिस्तूलच अनेकदा ओढायला सर्वांत जड जाते. संधिवाताने बोटे आखडलेल्या माणसासाठी .३८० एसीपी काडतुसाची, मुद्दाम हलक्या स्प्रिंगची पिस्तुले निघाली आहेत, ती याच कारणाने.

ऑस्ट्रियाच्या लष्कराने १९८२ मध्ये स्वीकारलेल्या ग्लॉक १७ ने प्लास्टिकची चौकट आणि हाताने लावायच्या खटक्याचा अभाव, या दोन्ही गोष्टी रूढ केल्या. त्याची जरा लहान आवृत्ती ग्लॉक १९ ही १९८८ ची. १०२ मिलिमीटर नळी, १५ गोळ्या. कमरेला लपेल एवढे लहान आणि मुठीत नीट बसेल एवढे मोठे, म्हणून एकच हँडगन घेणाऱ्याने आधी या आकाराकडे पाहावे. खटका हवा की नको यावर लोक हमरीतुमरीवर येतात. खटका असेल तर तो उघडण्याचा सराव चाप ओढण्याइतकाच करावा लागतो. नसेल तर चाप झाकणारे होल्स्टर, म्हणजे बंदूक खोचायचे म्यान, हाच खटका समजायचा.

मुठीचे माप पाहण्याची रीत सोपी आहे. रिकामी असल्याची दोनदा खात्री केलेली बंदूक अशी धरायची, की नळी आणि कोपरापर्यंतचा हात एका रेषेत येतील. आता तर्जनीचे पहिले पेर चापावर सहज टेकले पाहिजे. तिथवर पोहोचण्यासाठी मूठ फिरवावी लागली तर बंदूक हाताला मोठी आहे, मग तिची कीर्ती काही का असेना.

काडतूस

काडतुसाच्या आकारावर जितकी शाई सांडली आहे तितकी बाकी सर्व विषयांवर मिळून सांडली नसेल. या वादाला एक तारीख आहे : ११ एप्रिल १९८६. मायामीत एफबीआय या अमेरिकी संघीय तपास संस्थेचे आठ जण आणि दोन बँक लुटारू यांच्यात चकमक झाली. लुटारूला लागलेली ९ मिमीची एक गोळी दंडातून छातीत शिरली, पण हृदयाच्या अलीकडे थांबली. तो लढत राहिला. एफबीआयचे दोन जण ठार झाले. यानंतर एफबीआयने गोळी किती खोल जाते हे मोजायची पद्धत ठरवली : १० टक्के जिलेटिनच्या ठोकळ्यात, कापडाचे थर मध्ये असतानाही, ३० ते ४६ सेंटिमीटर. त्याहून कमी गेली तर मर्मापर्यंत पोहोचणार नाही. जास्त गेली तर पलीकडच्याला लागेल. आधी १० मिमीचे काडतूस निवडले गेले, त्याचा धक्का फार म्हणून त्यातली दारू कमी केली, आणि कमी दारूला एवढे लांब टोपण कशाला म्हणून १९९० मध्ये .४० एस अँड डब्ल्यू जन्मले. पोलिसांनी ते उचलून धरले. मग २०१० च्या दशकाच्या मध्यास एफबीआय पुन्हा ९ मिमीवर परतली.

परतण्याचे कारण पाहण्याजोगे आहे. हँडगनच्या वेगात गोळी जिथे स्पर्श करते तेवढेच मुख्यत्वे फाडते. रायफलीसारखे आजूबाजूचे फारसे फाटत नाही. ८ ग्रॅमची ९ मिमी गोळी सेकंदाला सुमारे ३५० मीटर वेगाने पाचशे ज्यूलच्या आसपास ऊर्जा नेते. १५ ग्रॅमची, संथ .४५ एसीपी जवळपास तेवढीच. नव्या पोकळ टोकाच्या गोळ्या दोन्हींत उमलतात आणि पुरेशा खोल जातात. मग कमी धक्क्याचे, मॅगझिनमध्ये जास्त मावणारे आणि नेम लवकर परत आणू देणारे काडतूस सरस ठरते. .३८० एसीपीमध्ये उमलणे आणि खोल जाणे ही दोन्ही एकत्र क्वचितच साधतात. .३५७ मॅग्नम १९३५ पासूनचे नावाजलेले काडतूस आहे, पण पाच सेंटिमीटर नळीतून ते झाडले तर निम्मा पराक्रम नळीबाहेरच्या लोळात जातो. त्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशल चालते, ही मात्र मोठी सोय. .२२ मध्ये ठिणगी पाडणारे मिश्रण टोपणाच्या कडेत भरलेले असते, त्यामुळे ते फुसके निघण्याचा संभव जास्त. तरी ज्याच्या हाताला दुसरे काही पेलतच नाही त्याने तेच घ्यावे.

घर आणि कंबर

घरासाठी लपवण्याचा प्रश्नच नसतो, तेव्हा पूर्ण आकाराचे पिस्तूल घ्यावे : लांब नळी, भरीव मूठ, आणि खाली दिवा बसवायला खाच. अंधारात समोर चोर आहे की पाणी प्यायला उठलेला मुलगा, हे कळल्याशिवाय चापाला बोट लागता कामा नये. नेमबाजीचे शिक्षक जेफ कूपर यांच्या बंदूक हाताळण्याच्या चार नियमांतला शेवटचा हाच : लक्ष्य कोण आणि त्याच्यामागे काय, याची खात्री. बंदुकीवरचा दिवा जिथे पडतो तिथे नळीही रोखलेली असते, म्हणून हातातली बॅटरी वेगळी हवी. जिप्सम बोर्डाच्या आतल्या भिंती गोळी अडवत नाहीत. पोकळ टोक तर जिप्समच्या भुकटीने बुजते आणि पुढे न उमलताच जाते. बंद खोलीत एक बार १५५ डेसिबलच्या वर जातो आणि कानांना कायमची इजा करू शकतो.

कुलूप हा निवडीचाच भाग आहे. कॅलिफोर्नियातल्या सुमारे २ कोटी ६० लाख प्रौढांची २००४ ते २०१६ ची नोंद तपासणारा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. मालकीची हँडगन असलेल्या पुरुषांत बंदुकीने आत्महत्येचे प्रमाण ती नसलेल्या पुरुषांच्या सुमारे आठपट, आणि स्त्रियांत पस्तीसपट आढळले. घरात कोणी खचलेले असेल किंवा लहान मूल असेल, तर कोणते पिस्तूल घ्यावे याआधी ते कुठे ठेवावे, किंवा ठेवावेच का, हे ठरवावे लागते. बटणे दाबून क्षणात उघडणारी, पलंगाला किंवा भिंतीला पक्की केलेली पेटी उशाखालच्या जागेपेक्षा केव्हाही बरी.

कमरेसाठी होल्स्टर ताठ हवे, चाप पूर्ण झाकणारे हवे आणि बंदूक काढल्यावर त्याचे तोंड मिटता कामा नये. बंदूक परत खोचताना अपघात होतात : जॅकेटची ओढायची दोरी किंवा शर्टाची कड चापाच्या कमानीत शिरते, वरून हात दाबतो, आणि बार मांडीत उडतो. म्हणून काढायची घाई असली तरी खोचायची कधीच नसते. खाली पाहून, सावकाश. पट्टा जाड नसेल तर चांगले होल्स्टरही झुलते आणि चारचौघांत बंदूक उठून दिसते.

पिस्तूल घेतल्यावर ज्या गोळ्या बाळगायच्या त्याच काही मॅगझिनभर झाडून पाहाव्यात. सरावाच्या गोल टोकाच्या गोळ्या बिनतक्रार चेंबरमध्ये सरकणारे पिस्तूल पोकळ टोकाला अडखळू शकते. रोज रात्री चेंबरमधली गोळी काढून सकाळी तीच पुन्हा चढवली तर दर खेपेला आपटून शिसे टोपणात आत सरकते, दारूला जागा कमी पडते आणि बार उडताना दाब धोकादायक वाढतो. तसे काडतूस नव्याशेजारी उभे केले की बुटके दिसते. ते बाजूला काढावे. खिशात बाळगायच्या बंदुकीच्या नळीत आणि घोड्याजवळ कापडाचा भुसा साचतो, तोही वरचेवर झाडावा लागतो.