नास्तिक कोणाला म्हणायचे? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

नास्तिक म्हणजे ईश्वर नाकारणारा, की ईश्वरावर विश्वास नसलेला प्रत्येक जण, असा आजचा वाद आहे. पण नास्तिक हे बिरूद माणसे स्वतःहून मिरवू लागली ती अलीकडे. त्याआधी तो दुसऱ्यावर ठेवायचा ठपका होता. मनुस्मृतीत वेदांची निंदा करणारा तो नास्तिक. म्हणून वेद प्रमाण मानणारे, पण जगाचा कर्ता ईश्वर न मानणारे मीमांसा दर्शनाचे अनुयायीही आस्तिकांच्या पंगतीत बसले. रोमन साम्राज्यात हाच ठपका, रोमन देवांना भजत नाहीत म्हणून, ख्रिस्ती लोकांवर आला. ‘नास्तिकांचा नायनाट होवो’ एवढे म्हण, सुटशील, असे दुसऱ्या शतकातल्या एका वृद्ध बिशपला सांगण्यात आले. त्याने समोरच्या गर्दीकडे हात केला आणि तेच शब्द उच्चारले, असे त्याच्या हौतात्म्याच्या वृत्तांतात आहे.

अठराव्या शतकात ईश्वर नाही असे छापून सांगणारे निघाले, तेही बरेचदा निनावी. १८६९ मध्ये एका इंग्रज जीवशास्त्रज्ञाने स्वतःसाठी ‘अज्ञेयवादी’, म्हणजे ईश्वर आहे की नाही हे कळू शकत नाही असे म्हणणारा, हे नाव घडवले. १८८० मध्ये निवडून आलेल्या एका नास्तिक खासदाराला ब्रिटिश संसदेत रीतसर बसायला १८८६ उजाडले.

आजच्या वादाची खरी गाठ मात्र १९७० च्या दशकातली. तोवर व्यवहारात अर्थ सरळ होता: ईश्वर नाही असे मानणारा तो नास्तिक. एका ब्रिटिश तत्त्वज्ञाने सुचवले की ज्याच्यापाशी ईश्वरावरचा विश्वास नाही, तो प्रत्येक जण नास्तिक धरावा. त्यामागे न्यायालयातला दाखला होता. गुन्हा शाबित होईपर्यंत आरोपी निर्दोष, तसे ईश्वर शाबित होईपर्यंत नास्तिकता हीच सुरुवातीची जागा. पुरावा द्यायचा तो आस्तिकाने. वादविवादात हे हत्यार भलतेच उपयोगी पडले आणि नास्तिक चळवळीतल्या लोकांनी ते हातोहात उचलले. पण या व्याख्येत अज्ञेयवादी आपोआप आले, ज्यांनी कधी विचारच केला नाही ते आले, तान्ही बाळेही आली. सगळी मुले नास्तिकच असतात, असे एका फ्रेंच ग्रंथात १७७२ मध्येच लिहून झाले होते. तेव्हा ते चिमटा काढणे होते, आता ते सिद्धांत म्हणून मांडले जाऊ लागले. पाळण्यातल्या बाळाला आपल्या बाजूला मोजून कोणता पक्ष बळकट होतो, हे मला आजवर उमगलेले नाही. (तो तत्त्वज्ञ स्वतः २००४ मध्ये, उतारवयात, एका सृष्टिकर्त्याच्या बाजूला झुकला. व्याख्या मागे राहिली.)

विरोधकांचे म्हणणे असे की भूमिका आणि भूमिकेचा अभाव एका नावाखाली घातले, तर ते नाव काहीच सांगत नाही. तत्त्वज्ञान शिकवणारे बरेच जण आजही जुना, अरुंद अर्थच वापरतात.

मोजणी सुरू झाली तेव्हा हा घोळ आकड्यांत उतरला. इंग्लंड-वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत ३७.२ टक्के लोकांनी ‘धर्म नाही’वर खूण केली, पण ईश्वर मानता का, असे त्यांना कोणी विचारलेच नव्हते. अमेरिकेतल्या २०१४ च्या एका मोठ्या सर्वेक्षणात ईश्वर मानत नाही म्हणणारे सुमारे ९ टक्के निघाले, स्वतःला नास्तिक म्हणवणारे जेमतेम ३. भारताच्या २०११ च्या जनगणनेत नास्तिकांसाठी वेगळा रकानाच नव्हता. ज्या सुमारे ३३ हजार लोकांनी तरीही तसे लिहून दिले, त्यांची नोंद ‘इतर धर्म व पंथ’ या सदराखाली झाली.