ओकोन्क्वो

ओकोन्क्वो : नायजेरियन कादंबरीकार चिनुआ अचेबे (१९३०–२०१३) यांच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ (१९५८) या इंग्रजी कादंबरीचा नायक. आग्नेय नायजेरियातील इग्बो लोकांच्या उमुओफिया या काल्पनिक वस्तीतला नामांकित मल्ल, शेतकरी आणि लढवय्या. काळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा. वैभवाला पोचलेला हा माणूस इंग्रजी अंमल आल्यावर गळफास लावून घेतो. त्याच्या ऱ्हासाचा दोष काही समीक्षक त्याच्या अहंकाराला देतात, तर काही परकीय सत्तेला. दोन्ही उत्तरे अपुरी आहेत, कारण ज्या उमुओफियासाठी तो जीव देतो ती बरीचशी त्याच्या मनातच वसलेली असते. प्रत्यक्षातले गाव त्याच्यापेक्षा कितीतरी लवचीक होते.

त्याच्या स्वभावाची मुळे बापाच्या आयुष्यात आहेत. उनोका हा बासरी वाजवणारा, गप्पिष्ट आणि गावभर उधारी करून ठेवलेला माणूस. एक शेजारी दिलेले पैसे परत मागायला आला तेव्हा त्याने भिंतीवर खडूने ओढलेल्या रेघा दाखवल्या. एकेक रेघ म्हणजे शंभर कवड्या, आणि मोठे कर्ज आधी फेडायचे असल्याने तुझा नंबर नंतर, असे हसत सांगून त्याने पाहुण्याला वाटेला लावले. एकही पदवी, म्हणजे समाजातला मानाचा किताब, न मिळवता तो अंग सुजण्याच्या रोगाने मेला. हा रोग भूमातेला विटाळ मानला जाई, म्हणून त्याला मूठमातीही मिळाली नाही. लोकांनी त्याला रानात नेऊन सोडले. लहानपणी एका सवंगड्याने ‘तुझा बाप अग्बाला आहे’ असे ओकोन्क्वोला हिणवले होते. बाईला आणि पदवी नसलेल्या पुरुषाला एकच शब्द होता, हे त्याला तेव्हा कळले. पुढे उनोकाला आवडे ते सगळे त्याने टाकले, आणि त्यात आळसाबरोबर हळवेपणाही गेला.

वारशात ना जमीन ना कोठार, म्हणून त्याने न्वाकिबिए या सधन शेतकऱ्याकडून आठशे यामचे बेणे अर्धेलीपेक्षाही कडक बोलीवर उचलले. याम हा आपल्याकडच्या कोनफळाच्या जातीचा कंद. इग्बो भागात तो पुरुषाचे पीक आणि सगळ्या पिकांचा राजा. अळकुड्या, कसावा, शेंगा ही बायकांची पिके. त्या वर्षी आधी पाऊस ओढला, मग कोसळत राहिला, आणि एका शेतकऱ्याने तर निराशेने फास लावून घेतला. ओकोन्क्वो मात्र टिकला. अठराव्या वर्षी त्याने सात वर्षे अजिंक्य राहिलेल्या अमालिन्झे नावाच्या मल्लाला चीत केले होतेच. पुढे तीन बायका, दोन पदव्या आणि लढाईत आणलेली पाच मुंडकी जमा झाली. राजा नसलेल्या या समाजात माणसाची पत त्याच्या बापावरून ठरत नसे, आणि याच रीतीमुळे त्याला वर येता आले.

पण हाच समाज त्याला पावलोपावली आवरतो. शांतता-सप्ताहात, म्हणजे पेरणीआधीच्या भांडणतंटा वर्ज्य असलेल्या आठवड्यात, बायकोला मारल्याबद्दल पुजारी त्याच्याकडून बकरी, कोंबडी, कापड आणि कवड्या दंड म्हणून वसूल करतो. बैठकीत पदवी नसलेल्या एकाला तो ‘ही पुरुषांची बैठक आहे’ असे सुनावतो, तेव्हा सगळे त्या माणसाची बाजू घेतात. एन्दुलुए हा म्हातारा बायकोला सांगितल्याशिवाय काही करत नसे, हे ऐकून ओकोन्क्वो चक्रावतो. तो तर तरणेपणी मर्द गडी होता ना? मित्र ओबिएरिका सांगतो, तो तर लढाईत उमुओफियाचा पुढारी होता. हा प्रसंग पानभराचाही नाही आणि समीक्षेत फारसा येत नाही. माझ्या मते नायकाचा पेच सर्वांत स्पष्ट इथेच दिसतो.

इकेमेफुना प्रकरणात हा पेच रक्तापर्यंत जातो. शेजारच्या गावाने खुनाची भरपाई म्हणून दिलेला हा पोरगा तीन वर्षे ओकोन्क्वोच्या घरी वाढला आणि त्याला बाबा म्हणू लागला. मग देववाणी झाली की त्याला मारावे. गावातला सर्वांत वयोवृद्ध एझेउदू मुद्दाम येऊन बजावून गेला, की तो तुला बाप म्हणतो, त्याच्या मरणाला हात लावू नकोस. तरी ओकोन्क्वो सोबत गेला. डोक्यावर ताडीचे मडके घेऊन पुढे चालणाऱ्या पोरावर मागून घाव पडला, मडके वाळूत फुटले, पोरगा ‘बाबा’ म्हणत त्याच्याकडे धावला आणि त्याने कोयता चालवला. कुणी आपल्याला भेकड म्हणेल एवढीच त्याला धास्ती होती. देवीचा हुकूम असला तरी तो पाळायला मी जायलाच हवे असे नव्हते, असे ओबिएरिका नंतर बोलून दाखवतो. परंपरेने दोघांनाही मोकळीक दिली होती, पण ओकोन्क्वोला ती दिसलीच नाही.

एझेउदूच्याच अंत्यविधीत ओकोन्क्वोच्या बंदुकीचा स्फोट होऊन मृताचा सोळा वर्षांचा मुलगा ठार होतो. चुकून झालेल्या अशा हत्येला इग्बो रीतीत ‘बायकी’ गुन्हा म्हणत. शिक्षा सात वर्षांची हद्दपारी. ती तो आजोळी, एम्बांटात काढतो. माणूस सुखात बापाच्या गावचा, दुःखात आईच्या गावचा, असे मामा उचेंडू समजावतो. ओकोन्क्वो गप्प ऐकतो आणि मनात गेलेली वर्षे मोजत राहतो.

याच वर्षांत इंग्रज पोचतात. दक्षिण नायजेरियाचे संरक्षित राज्य १९०० साली स्थापन झाले, १९०१–०२ मध्ये अरो या इग्बो गटाविरुद्ध इंग्रजांची लष्करी मोहीम झाली. १९०५ मध्ये अहियारा भागात डॉ. स्टुअर्ट हा सायकलवरून वाट चुकलेला इंग्रज मारला गेला, आणि त्याचा सूड म्हणून फौज फिरली. कादंबरीत अबामे गावी मारलेल्या गोऱ्याचा ‘लोखंडी घोडा’, म्हणजे सायकल, झाडाला बांधला जातो आणि नंतर बाजाराच्या दिवशी माणसे कापली जातात. ही कथा त्या घटनेवर बेतलेली आहे. मिशनकडे आधी गेले ते अस्पृश्य गणलेले ओसू, जुळी जन्मताच टाकावी लागलेल्या आया, पदवी नसलेले लोक. ओकोन्क्वोच्या हिशेबात हे पुरुषच नव्हते. पण त्याचा थोरला मुलगा एन्वोयेही गेला. त्याला त्रिमूर्ती वगैरे काही समजली नव्हती. रानात रडणारी जुळी आणि इकेमेफुना यांचे त्याच्या मनातले ओझे एका भजनाने हलके केले, एवढेच.

गावी परतल्यावर कोर्ट, तुरुंग आणि व्यापार यांनी उमुओफिया बदललेली असते, आणि पाम तेलाला मिळणारा भाव लोकांना आवडूही लागलेला असतो. चर्च जाळल्यावरून जिल्हाधिकारी सहा पुढाऱ्यांना बोलणीच्या निमित्ताने बोलावून बेड्या घालतो. दंड दोनशे पोती कवड्यांचा. शिपाई स्वतःचा वाटा धरून गावाला अडीचशे सांगतात. पुढाऱ्यांची डोकी भादरली जातात, पाठीवर चाबूक बसतो. सुटकेनंतरच्या सभेत शिपाई पुन्हा येतात, तेव्हा ओकोन्क्वो त्यांच्या म्होरक्याला ठार करतो. बाकीच्यांना लोक निसटू देतात. लढाई होणार नाही हे त्याला तिथेच उमगते आणि कोयता वाळूत पुसून तो निघून जातो.

आत्महत्या हाही भूमातेचा अपराध, म्हणून त्याचे प्रेत उतरवायचे ते परक्यांनी. ज्या बापापासून तो जन्मभर पळाला, त्याच्यासारखीच त्यालाही स्वकीयांच्या हातची मूठमाती मिळत नाही. जिल्हाधिकाऱ्याला मात्र या मरणात आपल्या नियोजित ग्रंथाचा एक परिच्छेद दिसतो.

स्त्रीवादी समीक्षेने अचेबे यांच्याकडेही बोट दाखवले आहे. नायजेरियन मानववंशशास्त्रज्ञ इफी अमाडियुमे यांनी १९८७ च्या अभ्यासात एन्नोबी भागातल्या ‘पुरुष लेकी’ (मुलाचा दर्जा दिलेल्या मुली) आणि बायको करणाऱ्या स्त्रिया यांची नोंद केली. त्या इग्बो समाजाशी ताडून पाहता कादंबरीतली बाई फारच घरात कोंडलेली वाटते. गंमत अशी की, सार्वजनिक कारभार पुरुषांचाच या बाबतीत ओकोन्क्वो आणि इंग्रज सरकार यांचे एकमत होते. सरकारने सनद देऊन नेमलेले मुखिये पुरुष होते, बायकांच्या सभांना कारभारात जागा नव्हती. १९२९ मध्ये बायकांवर कर बसणार अशी बातमी पसरली, तेव्हा हजारो स्त्रिया मुखियांच्या दारात आणि कोर्टांवर चालून गेल्या. गोळीबारात पन्नासहून अधिक बायका मेल्या. सरकारला ती मुखियापद्धत पुढे बदलावी लागली.

ओकोन्क्वोचे घराणे अचेबे यांच्या ‘नो लाँगर ॲट ईज’ (१९६०) मध्ये पुन्हा भेटते. एन्वोये आता आयझॅक नावाचा म्हातारा, धर्मनिष्ठ ख्रिस्ती आहे. बापाच्या मरणाची बातमी आली तेव्हाही त्याचे मन द्रवले नव्हते. त्याचा विलायतेत शिकलेला मुलगा ओबी ओसू घरातल्या मुलीशी लग्न करायचे म्हणतो, तेव्हा बापाचे सारे काही नाकारलेला हा गृहस्थ ‘ती ओसू आहे’ म्हणून विरोध करतो. ओबी पुढे लाच घेताना पकडला जातो.