पोर्टलँडिया

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ऑरेगन राज्यात पोर्टलँड येथे ‘पोर्टलँड बिल्डिंग’ या महापालिकेच्या इमारतीवर, प्रवेशद्वाराच्या वरच्या सज्जावर बसवलेले तांब्याच्या पत्र्याचे स्त्रीशिल्प. शिल्पकार रेमंड कास्की. गुडघ्यावर टेकलेल्या या आकृतीची उंची सु. १०.६ मी. (३४ फूट १० इंच) आणि वजन सु. ६.५ टन असून, ती उभी राहिली असती तर सु. १५ मी. भरली असती, असे सांगितले जाते. तिच्या डाव्या हातात त्रिशूळ आहे आणि उजवा हात खालच्या रस्त्याकडे झुकलेला आहे. पदपथावरून मान वर करून पाहणाऱ्याला चेहऱ्याआधी या हाताची उघडी बोटेच दिसतात, आणि शिल्पाचा सगळा परिणाम या एका हालचालीवर तोललेला आहे.

शिल्पाची कल्पना १८७८ च्या नगरमुद्रेवरून, म्हणजे पोर्टलँड शहराच्या अधिकृत शिक्क्यावरून, घेतली आहे. मुद्रेवरील स्त्री ‘लेडी कॉमर्स’, म्हणजे व्यापाराची मूर्तरूप देवता, म्हणून ओळखली जाते; तिच्याबरोबर त्रिशूळ, धान्याची पेंढी, दातेरी चाक आणि घण ही चिन्हे आहेत. त्रिशूळामुळे तिला सागरदेवता मानण्याकडे कल होतो. तथापि शेती व उद्योग यांची चिन्हे शेजारी असताना हा त्रिशूळ बंदराच्या व्यापाराचा निदर्शक मानणे अधिक सयुक्तिक ठरते. कास्की यांनी त्रिशूळ ठळकपणे राखला, परंतु मुद्रेवरील उभी आकृती गुडघ्यावर आणली. त्यामुळे मुद्रेतील औपचारिक ठेवण जाऊन नागरिकांकडे वाकण्याचा भाव आला.

शिल्प ओतीव नसून ठोकीव आहे. या पद्धतीत, युरोपीय परिभाषेत ‘रेपूसे’मध्ये, पत्रा मागच्या बाजूने हातोडीने ठोकून पुढे उठाव आणतात. ठोकताना तांबे कठीण व ठिसूळ होत जाते, म्हणून ते वरचेवर तापवून मऊ करावे लागते. असे घडवलेले तुकडे जोडून आतल्या सांगाड्यावर बसवतात. ओतीव मूर्तीच्या मानाने वजन पुष्कळ कमी राहत असल्याने इमारतीच्या दर्शनी भागावर एवढी मोठी आकृती पेलता येते. सांगाडा लोखंडी असल्यास मात्र ओलाव्यामुळे तांबे व लोखंड यांच्यात विद्युत्-रासायनिक क्रिया होऊन लोखंड गंजते. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यातील लोखंडी पट्ट्या १९८० च्या दशकात याच कारणाने काढून अगंज पोलादाच्या बसवाव्या लागल्या.

‘स्वातंत्र्यदेवतेनंतरचे दुसऱ्या क्रमांकाचे मोठे ठोकीव तांब्याचे शिल्प’ हे वर्णन सर्रास आढळते आणि काही ठिकाणी ते साऱ्या जगाला लावले जाते. जगाच्या संदर्भात ते टिकत नाही. इटलीतील आरोना येथील संत कार्लो बोर्रोमेओ यांचा पुतळा (१६९८) सु. २३ मी. उंच असून त्याचे अंग ठोकीव तांब्याचे आहे. जर्मनीतील डेटमोल्टजवळचा हेरमान या प्राचीन जर्मानिक सेनानीचा ताम्रपुतळा (१८७५) तलवारीच्या टोकापर्यंत सु. २६ मी. भरतो. दावा अमेरिकेपुरता मर्यादित ठेवल्यास तो ग्राह्य वाटतो, परंतु तेथेही अंतर थोडे आहे : मिनेसोटातील न्यू उल्म येथील हेरमानचा ताम्रपुतळा (१८९७) सु. १० मी. उंच आहे.

वास्तुकार मायकेल ग्रेव्ह्ज यांनी रचलेली १५ मजली पोर्टलँड बिल्डिंग १९८२ मध्ये पूर्ण झाली. आधुनिक वास्तुकलेचा अलंकरणहीन साधेपणा सोडून रंग व पारंपरिक घटक पुन्हा वापरणाऱ्या उत्तर-आधुनिक वास्तुशैलीचे ते आरंभीचे ठळक उदाहरण होय. शिल्पाचे भाग मेरिलँड राज्यातील कार्यशाळेत घडवून रेल्वेने पोर्टलँडला आणले व तेथे जोडले. ६ ऑक्टोबर १९८५ रोजी शिल्प तराफ्यावरून विलामेट नदीमार्गे शहराच्या मध्यभागी आले, तेव्हा काठावर मोठी गर्दी लोटली होती. इतक्या आत्मीयतेने स्वागत झालेले शिल्प तुलनेने अरुंद, झाडांच्या रस्त्यावर बसवले गेल्याने दुरून पूर्ण दिसत नाही, ही उणीव खरी आहे. २०२० च्या सुमारास संपलेल्या नूतनीकरणात इमारतीच्या काँक्रीटवर ॲल्युमिनियमचे आवरण चढवण्यात आले.

शिल्पाचे स्वामित्वहक्क कास्की यांनी स्वतःकडे राखले. अमेरिकन कायद्यात इमारतींच्या छायाचित्रांना असलेली सूट सार्वजनिक शिल्पांना लागू नसल्याने व्यापारी वापरासाठी त्यांची परवानगी लागते. स्वातंत्र्यदेवतेच्या प्रतिकृती व चित्रे सर्वत्र विकली जात असताना पोर्टलँडियाची भेटपत्रे क्वचितच दिसतात, त्याचे हे प्रमुख कारण मानले जाते.