स्कूबा आणि टेक्निकल डायव्हिंग: फरक खोलीचा नाही, वाटेचा

आमच्या बेळगावकडच्या खानापूर भागात विहिरीत पोहायला शिकलेल्याला एक गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. भीती तळाची नसते, कपारीची असते. मुटका मारून तळाची माती मुठीत घेऊन येणारी पोरं उन्हाळाभर दिसायची आणि त्यांना कोणी अडवायचं नाही. पण पाण्याखालच्या कपारीकडे कोणी वळलं की काठावरची म्हातारी माणसं ओरडायची. तळाला पाय मारला की माणूस वर येतो, कपारीत मारला तर डोकं दगडाला लागतं.

मालवणला दोनदा स्कूबा करून आलेला माझा भाचा यंदा म्हणाला, "मामा, आता टेक्निकल करतो." तेव्हा मला ती कपारच आठवली. टेक्निकल म्हणजे स्कूबाचीच पुढची, जरा खोल इयत्ता, असं तो धरून चालला होता. बहुतेकांचा समज तसाच असतो. पाठीवर सिलिंडर, डोळ्यांवर मास्क, पायांत फिन्स; बोटीवरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं.

हौशी स्कूबाचे सगळे नियम एका गोष्टीसाठी आहेत: काही बिघडलं तर सरळ वर येता आलं पाहिजे. म्हणून पहिल्या कोर्सनंतर १८ मीटर, पुढच्या कोर्सनंतर ३० आणि फार तर ४० मीटर अशी मर्यादा असते. तिथे किती मिनिटं राहायचं तेही ठरलेलं असतं. वर येताना ५ मीटरवर तीन मिनिटं थांबतात, पण ती जादा खबरदारी असते. अगदीच निकड आली तर न थांबता वर येता येतं. मालवणला पर्यटक जे करतात ते याच्याही अलीकडचं. तिथे प्रशिक्षक सोबत धरून फिरवून आणतो, बाकी सगळं तोच बघतो.

टेक्निकलमध्ये ही सरळ वर येण्याची वाट आपण जाणूनबुजून सोडून देतो. गुहेत किंवा बुडालेल्या जहाजाच्या आत डोक्यावर खरंच छत असतं. मोकळ्या समुद्रातही खोलवर जास्त वेळ काढला की एक न दिसणारं छत तयार होतं. दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो आणि श्वासातला नायट्रोजन अंगात मुरत जातो. घाईने वर आलं तर त्याचे बुडबुडे होतात. सांधे धरतात, पाय लुळे पडतात, जीवही जातो. जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी शेळ्यांवर प्रयोग करून १९०८ मध्ये टप्प्याटप्प्याने वर येण्याचे तक्ते मांडले, त्याचं कारण हेच. खाली वीस-पंचवीस मिनिटं काढली तर वर यायला तासभरही लागू शकतो. त्या तासात हवा संपली, रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडाला पुरवणारं यंत्र) बिघडला, घाबरायला झालं, तरी जे काही सावरायचं ते पाण्यातच सावरायचं.

हवेचा हिशेबही बदलतो. काठावर मिनिटाला २० लिटर हवा घेणारा माणूस ६० मीटरवर, दाब सातपट असल्याने, १४० लिटर घेतो. १२ लिटरचं, २०० बारला (एक बार म्हणजे साधारण एका वातावरणाचा दाब) भरलेलं सिलिंडर तिथे सतरा मिनिटांत रिकामं होईल. म्हणून पाठीवर दोन, आणि कुशीला वेगळ्या वायूंची आणखी दोन सिलिंडर. खरा धोका इथे आहे. कुशीच्या सिलिंडरवर चिकटपट्टी असते, तिच्यावर मार्करने ठळक आकडा: २१. म्हणजे यातला ५० टक्के ऑक्सिजनचा वायू २१ मीटरच्या खाली तोंडात घ्यायचा नाही. तोच ४० मीटरवर चुकून घेतला तर ऑक्सिजनचाच दाब अडीच बार होतो आणि आकडी येऊ शकते. आकडीत माउथपीस सुटतं आणि माणूस बुडतो. शार्क, अंधार, थंडी यांपेक्षा मला त्या पट्टीवरच्या पुसट आकड्याची भीती जास्त वाटते.

२०१८ मध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेत बारा मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक अडकले होते, ते आपल्याकडे घरोघरी टीव्हीवर बघितलं. पाणी उपसण्याच्या कामात किर्लोस्करांची माणसं मदतीला गेली होती. बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरू झालेली तीच कंपनी, म्हणून आपल्याला जरा जास्तच जवळचं वाटलं. सिलिंडर पोचवून परत येताना तिथे समान कुनान यांचा मृत्यू झाला. ते थायलंडच्या नौदलातले माजी पाणबुडे होते. कसलेल्या माणसाचाही गुहेत जीव जाऊ शकतो, हे मी भाच्याला दोनदा सांगितलं. गुहेत एक तृतीयांश वायू जायला, एक तृतीयांश यायला, आणि उरलेला हात न लावता जोडीदारासाठी, हा नियम उगाच झालेला नाही.

मग कोणी करावंच कशाला? मिळतं ते खरंच मोठं असतं. श्रीलंकेत बट्टिकलोआच्या समुद्रात ९ एप्रिल १९४२ ला बुडालेली हर्मिस ही विमानवाहू नौका पन्नास मीटरच्या पलीकडे पडून आहे. हौशी स्कूबावाल्याला तिच्यापर्यंत पोचता येत नाही. साध्या हवेवर तेवढ्या खोलीत दारू चढल्यासारखं होतं. हेलियम मिसळलेल्या वायूवर डोकं ठिकाणावर राहतं आणि जे बघितलं ते आठवतंही. ती ओढ मला कळते, तिला वेड म्हणणार नाही.

पण ओढ आणि तयारी वेगळी. माझ्या मते आधी शंभरेक साधे डाइव्ह हवेत, वेगवेगळ्या पाण्यात, गढुळातसुद्धा. खर्च फक्त कोर्सचा नसतो. हेलियम महाग, सामान दुप्पट, आणि सरावात खंड पडला तर शिकलेलं गंजतं. रिकम्प्रेशन चेंबर (बुडबुड्यांच्या त्रासावर पुन्हा दाब देऊन उपचार करायची खोली) सर्वांत जवळ कुठे चालू आहे, हे निघायच्या आधी फोन करून विचारलेलं बरं.

आणि आपल्या लोकांनी एक विसरू नये: आपण घाटावर राहतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच, म्हणजे हवेचा दाबही कमी. डाइव्हनंतर विमानाने जायच्या आधी थांबायचे नियम ६०० मीटरपासूनच्या उंचीला धरून आहेत: एका साध्या डाइव्हनंतर १२ तास, अनेक डाइव्ह झाले तर १८, आणि टेक्निकलसारख्या थांबे घेतलेल्या डाइव्हनंतर त्याहून बराच जास्त वेळ. भाचा मात्र मालवणला सकाळी दोन डाइव्ह करून त्याच संध्याकाळी आंबोली घाट चढून घरी आला होता. दोन्ही वेळा. काही झालं नाही, कारण डाइव्ह उथळ होते.

यंदा तो मुरुडेश्वरजवळ नेत्राणी बेटाला साध्या डाइव्हसाठीच जातोय. शेवटचा डाइव्ह शनिवारी दुपारी, आणि घाट चढायचा रविवारी संध्याकाळी. मुक्कामाचं एका रात्रीचं भाडं मी देतोय.