चरीचा संप: रायगडच्या शेतकऱ्याचं राजकारण कुठून आलं

रायगडच्या खारपट्ट्यात शेती एकट्याने होत नाही. भरतीचं उधाण आलं आणि बांधाला खांड पडली, की खारं पाणी सगळ्यांच्याच भातात शिरतं. मग शेत कुणाचं हे न बघता घराघरातून माणसं उतरतात, चिखलाची ढेकळं हातोहात पुढे देतात. या सामाईक राबण्याला इथे जोळ म्हणतात. इथल्या शेतकऱ्याचं राजकारण मला या बांधावरच सुरू झालेलं दिसतं.

बांध गावाने राखायचा, पीक मात्र खोताच्या, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराच्या, खळ्यात जायचं. अर्धेलीचं, म्हणजे निम्मं भात द्यायचंच, वर वेठबिगार. गरिबी पिढ्यान्‌पिढ्या सोसली होती. सोसवेना तो अन्याय. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात २५ गावांचे शेतकरी जमले आणि नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली ठरलं: खोताची जमीन कसायची नाही. संप १९३९ पर्यंत चालला. सहा पावसाळे शेतं ओस पडली. रानातून लाकडं तोडून, मोळ्या विकून घरं चालली. एवढ्या उपासमारीत संप टिकला, याचं श्रेय भाषणांना कमी आणि जोळाच्या सवयीला जास्त द्यायला हवं. शेजाऱ्याचा बांध राखणारा माणूस त्याची जमीन खोताकडून परस्पर घेणार नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर या कुळांच्या पाठीशी उभे राहिले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत मोर्चाने धडकले. पुढे कुळांना कायद्याचं संरक्षण मिळालं, १९४८ चा कुळकायदा आला, खोतीही गेली. अलिबागेत शेतकरी कामगार पक्षाच्या (शेकाप) खटारा या निशाणीला वर्षानुवर्षं मतं पडत राहिली, त्यामागे चरीची ही आठवण आहे.

ती पेणमध्येही दिसली. हेटवणे धरणाचं पाणी शेतात पोचण्याआधीच महामुंबई सेझसाठी (विशेष आर्थिक क्षेत्रासाठी) जमिनी मागायला लागले, तेव्हा शेकापचे नेते प्रा. एन. डी. पाटील यांच्यासोबत गावं उठली. अखेर २१ सप्टेंबर २००८ रोजी लाभक्षेत्रातल्या २२ गावांत सरकारला जनमत घ्यावं लागलं. निकाल अधिकृतपणे कधीच जाहीर झाला नाही. भूसंपादन मात्र बारगळलं.