वनौषधी अर्क, मत्स्यखाद्यातील

संवर्धित माशांची वाढ, पचन व रोगप्रतिकारशक्ती सुधारावी या हेतूने खाद्यात अल्प प्रमाणात मिसळले जाणारे वनस्पतींचे अर्क, चूर्णे वा बाष्पनशील तेले. लसूण, हळद, आले, तुळस, कोरफड, ओरेगॅनो यांवर बरेच प्रयोग झाले आहेत. चीनमध्ये ॲस्ट्रॅगॅलस या औषधी वनस्पतीच्या मुळांतील पॉलिसॅकॅराइडांचा (बहुशर्करांचा) अभ्यास विशेष झाला. युरोपीय संघाने पशुखाद्यातील वाढवर्धक प्रतिजैविके १ जानेवारी २००६ पासून बंद केली आणि या संशोधनाला वेग आला. वापर मात्र त्याहून जुना असावा.

अर्क नेमके कसे काम करतात, याविषयी दोन मते आहेत. पहिल्या मतानुसार ते जंतूंना थेट मारतात. ओव्यातील थायमॉल व ओरेगॅनोतील कार्व्हाक्रॉल जीवाणूंचे पेशीपटल भेदतात, हे काचपात्रात (माशाच्या शरीराबाहेर, प्रयोगशाळेत) दिसतेच. दुसऱ्या मतानुसार खरा परिणाम आतड्यावर व जन्मजात प्रतिकारशक्तीवर होतो : लायसोझाइम हे जीवाणूनाशक विकर (एन्झाइम) वाढते, भक्षक पेशी अधिक सक्रिय होतात. काचपात्रात लागणारी संहती (द्रावातील प्रमाण) माशाच्या आतड्यात सहसा गाठली जात नाही, म्हणून दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

वनस्पतीच्या नावापेक्षा अर्क काढण्याची रीत महत्त्वाची, हे लसणावरून चांगले कळते. अखंड पाकळीत ॲलिइन हे संयुग आणि ॲलिइनेज हे विकर वेगवेगळ्या जागी असतात. पाकळी ठेचली की ते एकत्र येतात व काही क्षणांतच उग्र वासाचे ॲलिसिन तयार होते. तीच पाकळी न ठेचता उकळली, तर विकर आधीच नष्ट होते आणि ॲलिसिन जवळजवळ बनतच नाही. त्यामुळे ‘खाद्यात १ टक्का लसूण’ एवढ्याच नोंदीवरून फारसे काही ठरत नाही. हळदीतील कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्यासाठी अल्कोहोल लागते. खाद्याच्या गोळ्या तयार करणाऱ्या एक्सट्रूडर यंत्रातील तापमान १०० अंश सेल्सिअसच्या वर जाते व बाष्पनशील तेले उडून जातात. म्हणून ती तयार गोळ्यांवर माशांच्या तेलातून फवारतात. नुसत्या पाण्यातला अर्क चोळलेली गोळी तळ्यात पडताच तो धुपू लागतो. त्यावर जिलेटिन किंवा अल्जिनेटचा लेप देतात.

मात्रा वाढवली की गुण वाढतोच असे नाही. टॅनिने (वनस्पतींतील तुरट द्रव्ये) प्रथिनांचे पचन मंदावतात. सॅपोनिने (साबणासारखा फेस आणणारी वनस्पतिद्रव्ये) पाण्यात मिसळली तर माशांचे कल्ले व तांबड्या रक्तपेशी यांना इजा करतात. चहाच्या बियांची पेंड कोळंबीच्या तळ्यांतील नको असलेले मासे मारण्यासाठी वापरतात ती याच गुणामुळे. कोळंबीला तिची बाधा फार कमी होते.

परिणाम तपासण्यासाठी काही आठवडे अर्कयुक्त खाद्य देऊन मग बहुधा *एरोमोनास हायड्रोफिला* हा जीवाणू टोचतात व जगलेले मासे मोजतात. टोचण्यामुळे त्वचा, श्लेष्मा व आतडे हे अडथळे वगळले जातात. तळ्यातील संसर्गाशी त्याची तुलना बेतानेच करावी. याशिवाय टिलापिया या संवर्धित माशाचे अतिप्रजनन रोखण्यासाठी पपईच्या बियांचेही प्रयोग झाले आहेत.